अपडेटवर फोडलेलं खापर

सगळ्यात आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. आमच्या सुनेच्या लॅपटॉपचं वायफाय मी बंद पाडलं. अपडेटनं नाही, व्हायरसनं नाही, मी. कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. विद्युतचुंबकीय लहरी धातूच्या पत्र्यातून आरपार जात नाहीत, हे मी पोरांकडून इतकं घोकून घेतलं होतं की बाकी सगळ्यात नापास होणारी पोरंही तेवढं एक उत्तर बरोबर लिहायची. अन् त्याच मास्तरानं एक भला मोठा पत्र्याचा डबा त्या लहरींच्या वाटेत उभा केला, वरून त्यात पाणी भरलं आणि आठवडाभर अपडेटच्या नावानं बोटं मोडत बसला.

आमचं सिंदीचं घर वडिलांनी बांधलेलं. भिंती अशा जाड की एका खोलीतून मारलेली हाक दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत माणूस स्वतःच उठून जातो. मधे सपरी, म्हणजे लांबलचक उघडी पडवी. तिच्या एका टोकाला बैठकीची खोली, दुसऱ्या टोकाला मुलाची आणि सुनेची, आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या समोरासमोर. वायफायचा राउटर बैठकीत, खिडकीशेजारी. भिंतीतून आत शिरायची त्या लहरींची टाप नव्हती, त्यामुळे त्या बिचाऱ्या सपरी ओलांडून सुनेच्या खिडकीतून आत जायच्या. मोबाईलच्या नेटवर काम भागवावं म्हणाल तर त्याला आमच्या घराचं वावडं आहे. फोन आला की रस्त्यावर जाऊन बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या भानगडी गल्लीला पाठ आहेत.

सून आर्वीकडची, कॉम्प्युटर शिकलेली. पुण्याच्या एका लहानशा कंपनीत नोकरी करते. मुलगा हिंगणघाटला बँकेत, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. लग्न झाल्यावर तिनं कंपनीला विचारून घरूनच काम करायची परवानगी मिळवली. याचं कौतुक तिच्यापेक्षा मलाच जास्त. कुणी भेटलं की दुसऱ्या वाक्याला मी "आमची सून घरी बसून पुण्याची नोकरी करते" इथवर पोचायचो. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी मांडवातच जाहीर केलं होतं, मामाजी-बिमाजी काही नाही, बाबा म्हणायचं, या घरात सून नाही, लेक आली आहे. लोकांनी माना डोलावल्या होत्या. मला भारी बरं वाटलं होतं.

तर नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, तोंडावर आला होता. आमच्याकडे त्या दिवसांत नळाचं पाणी दुपारी अंगावर घेतलं तर कातडी सोलून निघते. माझ्या खोलीत कूलर होता, सुनेच्या खोलीत नुसता पंखा. ती तिथं दिवसभर बसून काम करणार आणि मी कूलरसमोर पालथा पडून घोरणार, हे मला पटेना. रविवारी मी कूलर उचलला. उचलला म्हणजे मुलानं आणि बायकोनं उचलला, मी "जरा डावीकडे" म्हणत होतो. सुनेच्या खिडकीत तो नीट बसवला. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या. कूलर आणि चौकट यांच्यामधे जी फट राहिली ती न्हाणीघराच्या छपराच्या उरलेल्या पत्र्यानं बुजवली, अगदी टिचभरही जागा सोडली नाही. मास्तराचं काम आहे, थातुरमातुर नाही चालत.

"आहे न थंडं?" मी सुनेला विचारलं.

"हो बाबा, मस्त आहे," ती म्हणाली.

त्याच रात्री तिच्या लॅपटॉपचं मोठं अपडेट झालं. सोमवारी सकाळी ती कामाला बसली तर वायफायची रेघ येते, जाते, येते, जाते. ती म्हणाली, "बाबा, रात्री अपडेट झालं, तेव्हापासून असं होऊन राह्यलं." बस. आरोपी सापडला होता. पुढं चौकशी कशाला करायची?

सोमवारी दुपारी कंपनीच्या मीटिंगमधे बोलता बोलता ती दोनदा गायब झाली. मंगळवारी तिच्या मॅडमचा फोन आला. रात्री जेवताना तिनं सांगितलं, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या शांतपणे. शुक्रवारी बाहेरच्या मोठ्या गिऱ्हाइकाला काम दाखवायचं आहे, ते तीच दाखवणार आहे. त्यात नेट गेलं तर घरून काम बंद. एक तर पुण्याला परत या, नाही तर राजीनामा द्या.

मुलगा म्हणाला, "बाबा, तेवढं नेट पाहून घ्या न."

झालं. मला वाटलं, निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या लायकीचं काम दिलं. तिची नोकरी धोक्यात आहे हे मला कळत होतं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला हे दाखवायचं होतं की अपडेट कितीही मोठं असलं तरी मास्तर त्याचा बाप आहे.

बुधवारी सकाळपासून मी तिच्या टेबलाशी ठाण मांडलं. आधी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग राउटर बंद करून चालू केला. मग दोन्ही एकदम. मग ते नेटवर्क 'विसरून जा' असं लॅपटॉपला सांगितलं, तो इमानदारीत विसरला, आणि पासवर्ड मला आठवेना. तो मीच ठेवला होता, कुणाला कळू नये म्हणून प्रकाशाच्या वेगाचे आकडे उलटे लिहून. बायको म्हणाली, "घरात चोर येऊन तुमचं वायफाय नेनार होता का?" मी लक्ष दिलं नाही. पासवर्ड सापडला. रेघ आली, गेली. लॅपटॉपमधे दोष शोधून देणारी एक सोय असते, ती चालवली. तिनं बराच वेळ गोल गोल फिरून सांगितलं की कुठलाही दोष आढळला नाही. मी म्हटलं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यावर तो दुसरं काय सांगणार.

आता तुम्ही विचाराल, मास्तर, लॅपटॉप उचलून एकदा बैठकीत का नेला नाही? राउटरजवळ चालतो की नाही एवढं पाहिलं असतं तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. प्रश्न बरोबर आहे, पैकीच्या पैकी गुण. पण बैठकीत भट्टी पेटली होती आणि सुनेच्या खोलीत कूलर होता. अशा गारव्यात बसून डोकं चालवायचं सोडून घामाघूम व्हायला कोण जाईल? मी ते सगळं संशोधन कूलरच्या झोतात, पायावर पाय टाकून केलं.

बायकोनं एकदा दारातून सांगितलंही होतं, "माया मोबाईलवरचं वायफाय बी या खोलीत आलं की बंद पडते जी."

"तुझ्या मोबाईलचा अन् अपडेटचा काय संबंध?" मी म्हणालो. "मधे बोलू नको, लिंक तुटते."

दुपारी मी थकून माझ्या बिनकूलरच्या खोलीत जाऊन झोपायचो. चहाच्या वेळेला उठलो की पहिलं काम म्हणजे सुनेच्या खोलीत डोकावायचं. ती कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेली असायची. मी विचारायचो, "आहे न थंडं?" ती म्हणायची, "हो बाबा." मला समाधान वाटायचं. नेटचं विचारलं तर म्हणायची, "दुपारी जरा चाललं, आता पुन्हा गेलं." यावरून मी असा निष्कर्ष काढला की अपडेट लहरी आहे.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घातला आणि वर्ध्याला नेला. दुकानदारानं तो उघडला, वायफायला जोडला, आणि तो अस्सा पळायला लागला की दुकानदार माझ्याकडे पाहत राहिला. "काका, याले काय झालं? काई तर नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, काही नाही कसं, अपडेट काढून टाका. त्यानं काढलं. पुन्हा चालवून दाखवला. मी विजयी मुद्रेनं घरी आलो, सुनेच्या टेबलावर ठेवला, चालू केला. रेघ आली, गेली.

"दुकानात चालते अन् घरी नाई," बायको म्हणाली. "नजर लागली असन. सुनेच्या नोकरीचं तुमी कमी का सांगत फिरता?" तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि शुक्रवार नीट पार पडला तर केळझरच्या गणपतीला सगळे जाऊ असं कबूल केलं. मी हसलो. विज्ञानाच्या माणसानं हसायलाच पाहिजे. मग मी माझा वैज्ञानिक उपाय काढला. वर्ध्याचं दुकान थंडगार होतं, तिथं लॅपटॉप चालला. घरी उकाडा, घरी चालत नाही. म्हणजे लॅपटॉप तापतो! मी सुनेचं टेबल ओढून पार कूलरला चिकटवलं, पंखा मोठ्यावर केला आणि टाकी काठोकाठ भरली. रोग हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले म्हणतात, म्हणजे आजारी रेडा आणि सुई त्याच्या पाठीवरच्या पाण्याच्या पखालीला, ते हेच. फरक एवढाच की मी इंजेक्शन देऊन देऊन हाल्याला पार मरायला टेकवला होता.

टेबलावरचे कागद उडत होते, ते सुनेनं एका हातानं धरून ठेवले.

शुक्रवारी तिचं काम दाखवणं दुपारी होतं. मी ठरवलं होतं की तिच्या खोलीकडे फिरकायचंही नाही. पण झोप कुठली यायला? पडल्या पडल्या मनात आलं, टाकी रिकामी झाली अन् कूलर गरम हवा फेकायला लागला तर लॅपटॉप तापेल, नेट जाईल, पोरीची नोकरी जाईल. टाकी सपरीच्या बाजूनं भरायची असल्यामुळे तिला त्रास व्हायचं कारण नव्हतं. मी नळ सोडला, पाईप ओढत सपरीत आलो.

ती तिथंच होती. कूलरच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, जमिनीवर. ओली ओढणी डोक्यावरून घेतलेली, समोर पाटावर लॅपटॉप, कानात इयरफोनचे बोळे घातलेले. ऊन मी म्हणत होतं. सपरीची फरशी अशी तापली होती की मी चप्पल काढायला धजलो नसतो, आणि ती तिथं बसून इंग्रजीत कुणाला तरी ठणकावून सांगत होती की तुम्ही मागताय ते एवढ्या दिवसांत होणार नाही, झालं तर चांगलं होणार नाही. तिचा तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. खोलीच्या आत, गारेगार झोतात, तिची खुर्ची रिकामी.

मी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्या पत्र्याकडे. डाव्या बाजूला राउटर, उजव्या बाजूला तिचं खोलीतलं टेबल, मधे धातू आणि पाणी. ही आकृती मी फळ्यावर काढलेली आहे. नावं देऊन.

तेवढ्यात माझ्या हातातल्या पाईपमधून पाणी यायला लागलं होतं, ते फरशीवरून तिच्या पाटाकडे निघालं. तिनं बोलणं न थांबवता लॅपटॉप उचलला, छातीशी धरला, उभी राहिली आणि बोलत राहिली. मी नळाकडे धावलो. या वयात मी इतक्या वेगानं धावू शकतो हे मला माहीत नव्हतं.

काम संपल्यावर ती ओढणीनं तोंड पुसत आली. मी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं बाबा. अजून एक आठवडा पाहू म्हणाल्या मॅडम. म्हणाल्या, काम चांगलं आहे, पण तू रोज चहाच्या वेळेला गायब होते, ते बंद झालं पाहिजे."

"तुले माहीत होतं? कूलरमुळं होते म्हणून?"

ती म्हणाली, "मंगळवारीच समजलं. बाहेर आली तर नेट चालू."

"मंग इथंच बसून राह्यली होती?"

"तुमी झोपले की येऊन बसत होती. उठायची वेळ झाली की आत."

"काऊन?"

"तुमी येऊन पाहता न, बाबा. थंडं आहे का म्हणून."

म्हणजे मी चहाच्या वेळेला डोकावायचो, म्हणून ती आत जायची, म्हणून तिचं नेट जायचं, म्हणून तिची नोकरी जायची वेळ आली होती. अपडेटचा यात इतकाच दोष की ते रविवारी झालं.

"मंग सांगतलं काऊन नाई? एका शब्दानं सांगायचं न, बाबा, हा डबा काढा."

"तुमी स्वतःच्या खोलीतला कूलर काढून मले देला," ती म्हणाली. "कसं सांगू?"

माझी मुलगी अमरावतीला असते. तिच्या खिडकीत मी असला उद्योग केला असता तर तिनं पाचव्या मिनिटाला मला नावं ठेवून, कूलर लाथेनं सरकवून, वर चहा करायला लावला असता. लेक आली आहे, लेक आली आहे म्हणून मी गावभर सांगत फिरलो, आणि लेकीला जे हक्कानं बोलता येतं त्यातलं एक अक्षर या पोरीला माझ्यासमोर बोलता येत नव्हतं. मला फार लाज वाटली. कूलरच्या टाकीत उडी मारावी इतकी, पण टाकी मी भरूच शकलो नव्हतो.

मी तिला म्हटलं, "हे पाह्य पोरी, यापुढं काही बी असो, तोंडावर सांगजो. मले वाईट नाई वाटत." ती "हो बाबा" म्हणाली. संध्याकाळी मुलानं कूलर खिडकीतून काढला.

आता तुम्हाला वाटेल, म्हातारा सुधारला. मलाही तसंच वाटलं होतं.

सोमवारी तिचा तो परीक्षेचा आठवडा सुरू झाला. खोलीत नुसता पंखा, खिडकी उघडी, नेट झकास, आणि ती उकडून निघत होती. मला राहवेना. मी विचार केला, आणि या वेळी खरंच बरोबर विचार केला, की राउटरच तिच्या खोलीत नेला तर कूलर पुन्हा खिडकीत लावता येईल. तिनं सकाळीच सांगितलं होतं, "बाबा, संध्याकाळी करू." पण शास्त्रज्ञाच्या डोक्यात एकदा कल्पना आली की संध्याकाळपर्यंत दम कोण धरतो? तार लांब होती, काम दोन मिनिटांचं. मी बैठकीत गेलो, खाली बसलो आणि राउटरच्या प्लगला हात घातला.

"बाबा, हात लावू नका."

सपरीपलीकडच्या खिडकीतून आवाज आला. ती खुर्चीवरून अर्धी उठली होती, कानातला एक बोळा हातात.

"दोन मिनिटांचं काम हाये," मी म्हणालो.

"नाई बाबा. मी मीटिंगमध्ये आहे. ते बंद झालं तर माझी नोकरी जाईल."

इतक्या दिवसांत हे वाक्य इतक्या सरळ घरात कुणी उच्चारलं नव्हतं. सगळे नेट, नेट म्हणत होते. ती स्वतःसुद्धा.

आणि मला काय वाटलं ते सांगतो. राग आला. वाईट नाई वाटत म्हणणारा मी, माझ्या कानशिलापर्यंत गरम झालो. तोंडून निघूनच गेलं, "तुयासाठीच करून राह्यलो न मी! मले समजत नाई का काई?"

मला वाटलं, आता ती मान खाली घालेल आणि हो बाबा म्हणेल. तिनं मान खाली घातली नाही. माझ्याकडे पाहत तशीच उभी राहिली, मी प्लगवरचा हात काढेपर्यंत. मग बसली, बोळा कानात घातला आणि सॉरी म्हणून पुढं बोलायला लागली.

मी तिथंच भिंतीला टेकून बसून राहिलो, फुगून. उठून जावं तर कुठं, आणि सुनेनं दटावलं हे कुणाला सांगावं, हे कळेना. तिचा आवाज खिडकीतून येत होता, मधे कुठं तुटत नव्हता. घाम मानेवरून खाली चालला होता.

थोड्या वेळानं बायको मोबाईलचं चार्जर घेऊन आली. ती नेहमी करते तसा तिनं सरळ राउटरच्या प्लगला हात घातला, तो काढून आपलं चार्जर लावायला.

मी तिचा हात धरला. "हात लावू नको," मी म्हणालो. "पोरीची नोकरी जाईल."

"मंग मोबाईल कुठं लावू?" तिनं विचारलं.

"लावजो संध्याकाळी," मी म्हणालो आणि मीटिंग संपेपर्यंत तिथून हललो नाही.